सार्वजनिक पाण्याची डागडुजी

पाण्याच्या साठ्यांना मराठीत नावांची वाण नाही. तळे, तलाव, टाके, कुंड, पुष्करणी, बारव, आड, विहीर, हौद, डोह. प्रत्येक शब्दामागे बांधणीची वेगळी रीत आहे आणि वापराचीही. मात्र या साऱ्या यादीत केवळ पोहण्यासाठी राखलेल्या पाण्याला जुना शब्द सापडत नाही. ‘तरण तलाव’ किंवा ‘जलतरण तलाव’ हे शब्द नगरपालिकेच्या फलकावर जन्मले. त्याचे कारण सरळ आहे. पोहण्यासाठी निराळे पाणी साठवावे असे आपल्याकडे कोणाला वाटलेच नव्हते. पोर पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत उतरे, काही दिवसांनी भोपळा सुटे, मग सूर, मग मुटका. ज्या विहिरीवर मोट चाले त्याच विहिरीत उन्हाळ्याची सुट्टी जाई. अर्थात कोणाच्या पोराने कोणत्या विहिरीत उतरायचे, हे गावाने आधीच ठरवून ठेवलेले असे.

बंद पडलेला तरण तलाव दुरुस्त करावा की मोडून त्या जागेवर दुसरे काही उभारावे, हा वाद महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत होतो आणि त्यातले मुद्देही ठरलेले असतात. प्यायला पाणी नाही आणि पोहायला कुठून आणणार? देखभालीचा खर्च कोण करणार? उद्या कोणी बुडाले तर जबाबदार कोण? मी बदलापुरात, खरवईच्या बाजूला राहतो. उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या खोऱ्यांतल्या गावांचे वाचन करताना मला वाटू लागले की या तीन प्रश्नांच्या तळाशी एक चौथा प्रश्न दडलेला आहे आणि तो सर्वांत जुना आहे. ‘सार्वजनिक पाणी’ या शब्दांतला ‘सार्वजनिक’ म्हणजे नक्की कोण? हा प्रश्न सोडवल्याशिवाय केलेली दुरुस्ती फरश्यांची आणि पंपांची होते, तलावाची होत नाही. या लेखात त्या चौथ्या प्रश्नाचा माग काढायचा आहे.

बुजवलेले तलाव, उरलेली नावे

मुंबईपासून सुरुवात करू, कारण सार्वजनिक पाणी बांधणे आणि बुजवणे या दोन्ही गोष्टी तिथे मोठ्या प्रमाणावर झाल्या. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी ही नावे आज बसच्या थांब्यांची आणि चौकांची आहेत. पाणी कुठेही दिसत नाही. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. धोबी तलावाच्या परिसरात फ्रामजी कावसजी बनाजी यांनी स्वतःच्या बागेतल्या विहिरींचे पाणी आणून लोकांसाठी खुले केले. ही दानधर्माची कामे होती. बांधणारा धनिक, वापरणारे लोक, आणि देखभाल परंपरेने, असा तो व्यवहार होता.

१८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि हा व्यवहार हळूहळू संपला. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आले. नळ आल्यावर तलाव हे गरजेचे न राहता अडचणीचे झाले. त्यांत घाण साचे, रोगराई पसरे आणि वाढत्या शहराला जागा हवी होती. एकामागून एक तलाव बुजले. गोवालिया टँकवर पाणी राहिले नाही, मैदान राहिले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’चा ठराव झाला तो याच मैदानावर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाने यात आणखी एक पाऊल टाकले. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवतापाचा डास शहरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो हे त्यातून पुढे आले, आणि विहिरी बुजवण्याची किंवा घट्ट झाकण्याची मोहीम सुरू झाली. या मोहिमेला विरोध झाला तो पारशी आणि हिंदू समाजांतून. विहिरीचे पाणी त्यांच्या धर्मविधींना लागे, आणि उघड्या आकाशाखालचे पाणी व नळाचे पाणी त्यांच्या लेखी एक नव्हते. शेवटी तडजोड निघाली. काही विहिरींवर झाकण बसले, पाणी काढायला लहानशी झडप ठेवली गेली.

ही तडजोड मला फार बोलकी वाटते. आरोग्य खात्याच्या लेखी पाणी म्हणजे डासाची पैदास होण्याची जागा. भाविकांच्या लेखी पाणी म्हणजे विधीचे साधन. या दोघांच्या भांडणात ज्या पोराला त्या विहिरीत नुसते पोहायचे होते, त्याच्या बाजूने बोलणारा पक्षच नव्हता. झडपेतून कळशी उतरते, पोर उतरत नाही. शहरातल्या पाण्यात खेळण्याचा हक्क असा कोणताही ठराव न होता नाहीसा झाला. पुढे महापालिकेला वेगळे तरण तलाव बांधावे लागले ते ही पोकळी भरण्यासाठी.

महाड: दहा वर्षांचा दावा

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे येऊ. त्याची सर्वांत नीट नोंदलेली सुनावणी महाडच्या चवदार तळ्यावर झाली. सत्याग्रहाची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. तिच्यातली नगरपालिकेची आणि न्यायालयाची बाजू मात्र तितक्या तपशिलाने सांगितली जात नाही. आपल्या विषयाला तीच महत्त्वाची आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो खासगी हौद होता, म्हणून निर्णय एका घराचा होता. १९१९ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा हुकूम काढला. तो राजाचा निर्णय होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असे त्यात म्हटले होते. इथे प्रथमच हक्काचा आधार बदलला. दात्याचे औदार्य नको, राजाची कृपा नको, पैसा सर्वांचा म्हणून पाणी सर्वांचे.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये या ठरावाला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक तिथे होते. ठराव मात्र दप्तरातच राहिला, तळ्यावर कोणी गेले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो लोक शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर जमावाने मारहाण केली. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा सवर्ण पुढाऱ्यांनी न्यायालयात दावा लावून तात्पुरती मनाई मिळवली. त्यांचे म्हणणे असे की तळे सार्वजनिक नाहीच. ते भोवतालच्या सवर्ण वस्तीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. बाबासाहेबांनी न्यायालयाची मनाई मोडली नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पाणी घेणे पुढे ढकलले गेले, आणि लढाई कागदांवर गेली.

महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा १९३३ मध्ये, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी लागला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, हे निकालाचे सार. ओंजळभर पाण्यानंतर दहा वर्षांना तीन दिवस कमी असताना कायद्याने मान्य केले की ते पाणी पिण्यात काही गैर नव्हते.

या खटल्यात एक गोष्ट वारंवार पुढे आली. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरे पाणी पीत. म्हणजे पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्न नव्हताच. गुरांनी न विटाळलेले पाणी माणसाच्या ओंजळीने विटाळत असेल, तर विटाळ पाण्यात नव्हता, पाहणाऱ्याच्या नजरेत होता. आणि वादींचा बचावही नीट पाहण्यासारखा आहे. ‘अस्पृश्यांना आम्ही येऊ देणार नाही’ एवढेच म्हणून ते थांबले नाहीत, कारण १९२३ नंतर तेवढे टिकणारे नव्हते. त्यांनी म्हटले की ही मालमत्ता खासगी आहे. सार्वजनिक पाण्यातून माणसे वगळता येत नसतील तर पाण्यालाच सार्वजनिकतेतून वगळायचे. हा डाव पुढे जगात इतरत्रही खेळला गेला.

शुद्ध पाण्याची दुसरी बाजू

तो सर्वांत उघडपणे खेळला गेला अमेरिकेत, आणि तोही तरण तलावांवर. अलाबामातल्या माँटगोमेरी शहराने बागा आणि तरण तलाव गोऱ्या-काळ्यांना एकत्र खुले करण्याऐवजी १ जानेवारी १९५९ पासून सगळी उद्यानेच बंद केली. तिथल्या ओक पार्कचा तलाव मातीने भरून टाकला. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने चार तलाव बंद केले आणि पाचव्याचा भाडेपट्टा सोडून दिला, जेणेकरून तो खासगी संस्थेकडे राहावा. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव सर्वांसाठीच बंद केला असेल तर भेदभाव झाला असे म्हणता येत नाही. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे आणि गोरे आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा मालकाने तलाव धुण्यासाठीचे आम्ल पाण्यात ओतले. त्याचे छायाचित्र जगभर गेले. महाडच्या १०८ घागरी आणि फ्लोरिडातला आम्लाचा कॅन यांच्यात ३७ वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. कृती तीच आहे.

आपल्याकडे याचे वसाहती रूप मुंबईच्या ब्रीच कँडीला होते. तिथला समुद्रालगतचा उघडा तलाव अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा आहे. त्या नकाशात पोहण्याची मुभा युरोपियनांना होती आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे भारतीयांना तिथले दार मोकळे नव्हते. देश मोकळा झाला, देशाच्या आकाराचे पाणी मागे राहिले.

महाडचा खरा वारसा मात्र राज्यघटनेत आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांचा नावानिशी उल्लेख आहे. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या, किंवा जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या अशा जागांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही. बोले ठरावातला ‘सार्वजनिक पैसा’ हाच तो धागा. नगरपालिकेच्या तरण तलावाला या यादीत वेगळी जागा मागावी लागत नाही. तलाव हा शब्द तिथे आधीच आहे.

उल्हासच्या काठावर

आता आपल्या खोऱ्यात येऊ. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे. शिलाहारांनी ते वालधुनीच्या काठावर बांधले. मंदिराशेजारी कुंडही आहे. आगगाडी आल्यावर जी.आय.पी. रेल्वेने याच वालधुनीच्या उगमाकडे, काकोळ्याला, इंजिनांसाठी बांध घातला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी निर्वासित सिंधी बांधवांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. गावाचे नावच नदीवरून आले. पुढे औद्योगिक वसाहती आल्या, त्यांतली एक आमच्या खरवई-माणकिवली भागात. बारवीचे धरण औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. अशा रीतीने हजार वर्षांत या पाण्याने देव, इंजिने, निर्वासित आणि कारखाने यांची गरज भागवली.

त्याची किंमत नदीने दिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले. नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या नदीच्या काठाने नाक दाबून जावे लागते, तिच्यात पोर कसे उतरणार? उल्हास त्या मानाने बरी, पण तिचे पुराचे रूप २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली तेव्हा, सर्वांनी पाहिले. उरले कोंडेश्वरसारखे धबधब्यांचे डोह. तिथे दर पावसाळ्यात कोणी ना कोणी बुडते आणि मनाईचे आदेश निघतात. बुडणाऱ्यांत पोहणे न येणारी शहरातली तरुण मुले मोठ्या संख्येने असतात.

म्हणून ‘प्यायला पाणी नाही, पोहायला कशाला’ या मुद्द्याचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरच्या टँकरने भरायचे तर २५० टँकर. आकडा छाती दडपवणारा आहे. पण २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६ होती. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचे प्रमाण धरले तर त्या वेळच्या शहराची एका दिवसाची गरज सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर होते. म्हणजे एवढा मोठा तलावही शहराच्या एका दिवसाच्या पाण्याच्या जेमतेम नवव्या-दहाव्या हिश्श्यात भरतो. आणि तो रोज भरायचा नसतो. पाणी गाळून, क्लोरीन घालून तेच फिरवले जाते. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडाले तरी ते सहा-साडेसहा हजार लिटर, एका टँकरपेक्षा कमी. गाळणी धुण्याचे पाणी वेगळे, पण ते बागेला देता येते. शहराचा तलाव याहून लहान असेल तर हिशेब आणखी हलका होतो. पाणीटंचाईत तलाव काही महिने बंद ठेवणे समजू शकते. टंचाईचे कारण देऊन तो कायमचा मोडणे या हिशेबात बसत नाही.

मग तलाव का मोडतात? एक कारण कायद्याच्या रचनेत आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कर्तव्यांची दोन गटांत वाटणी आहे. पाणीपुरवठा, मैलानिःसारण ही बंधनकारक. तरण तलाव, स्नानाच्या जागा, धुलाईघरे ही ऐच्छिक. नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यातही बंधनकारक आणि ऐच्छिक अशी वाटणी आहेच. तिजोरी रिकामी झाली की कात्री ऐच्छिक खर्चावर चालते, आणि गाळणी यंत्रणा एकदा बंद पडली की हिरवे पाणी, डास, तक्रारी, कुलूप हा क्रम ठरलेला. बेंटलींचा डास शंभर वर्षांनी पुन्हा साक्षीला येतो.

दुसरे कारण नाजूक आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव येतो तो बहुधा ठेकेदारासह येतो. दुरुस्ती त्याने करायची, बदल्यात अमुक वर्षे चालवायला घ्यायचे. यात मुळात वाईट काही नाही, यंत्रणा सांभाळायला जाणता माणूस लागतोच. पण शुल्क वाढते, सोयीच्या वेळा वार्षिक सभासदांना जातात, पोहण्याचा पोशाख, टोपी, वैद्यकीय दाखला यांचा खर्च जमेस धरला की चाळीतले पोर फाटकाबाहेर राहते. त्याला कोणी जात विचारलेली नसते. पंचगव्य ओतलेले नसते. तरीही सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पाण्याच्या काठावर तेच पोर उभे असते ज्याचा आजोबा गावच्या विहिरीच्या काठावर उभा होता. महाडच्या वादींनी तळे खासगी ठरवायला दहा वर्षे घालवली आणि ते हरले. दरपत्रकाने ते काम एका सभेत होते.

दुरुस्ती अशक्य असते असेही नाही. इंग्लंडमधल्या बाथ शहरातला क्लीव्हलँड पूल्स हा उघडा तलाव १८१५ चा. १९८४ मध्ये तो बंद झाला. तो वाचवण्यासाठी स्थानिक लोकांनी २००४ मध्ये न्यास उभारला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तलाव पुन्हा खुला केला. काही महिन्यांतच, जानेवारी २०२४ मध्ये, शेजारच्या एव्हन नदीच्या पुराने यंत्रणा बुडवली आणि तो पुन्हा बंद पडला. दोन दशकांची चिकाटी आणि एक पूर. उल्हासच्या काठावर राहणाऱ्याला यातला धडा वेगळा समजावून सांगायला नको. पंपघर पूररेषेच्या वर असावे, हा निर्णय उद्घाटनाच्या दगडापेक्षा महत्त्वाचा आहे.

माझे मत असे आहे की तरण तलावाच्या दुरुस्तीचा ठराव करताना अंदाजपत्रकाच्या आधी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिली, पालिका शाळांतल्या मुलामुलींना पोहणे शिकवण्याच्या वेळा राखून ठेवाव्यात, आणि त्या पहाटेच्या किंवा भर दुपारच्या उरल्यासुरल्या नसाव्यात. दुसरी, चालवणारा कोणीही असो, एका वेळेच्या प्रवेशाचा दर पालिकेने ठरवावा आणि तो फाटकावर लिहावा. तिसरी, गाळणी आणि जीवरक्षक यांचा वार्षिक खर्च दुरुस्तीच्या खर्चाबरोबरच मंजूर करावा, नाहीतर पाच वर्षांनी हाच वाद नव्याने सुरू होईल. हे तिन्ही न जमणाऱ्या गावाने तलाव मोडला तर निदान कारण खरे सांगावे. पाण्याचे नाव पुढे करू नये. पाणी पुरेसे असते. पुरत नाही ती ‘सर्वांचे’ या शब्दाची आपली तयारी.

महाडला आजही २० मार्चला लाखो लोक जमतात. तळ्याचे घाट बांधले गेले, सुशोभीकरण झाले. या तळ्याचा खरा जीर्णोद्धार मात्र १९२७ च्या त्या दुपारी झाला आणि त्यासाठी एकही दगड हलवावा लागला नव्हता. काठावर थांबवलेली माणसे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली, एवढेच झाले होते. कोणत्याही सार्वजनिक तलावाच्या दुरुस्तीची कसोटी अजून तीच आहे.